वाचकांचे प्रश्न : दहशतवादाविरुद्धच्या युद्धांनंतर काय उरले?

अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या हल्ल्यांनंतर दहशतवाद मोडून काढण्यासाठी निरनिराळ्या देशांनी एकत्र येऊन ज्या लष्करी मोहिमा काढल्या, त्यांचे परिणाम हा या महिन्याच्या सदराचा विषय होता. गोव्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली आणि त्यांतली निम्मीअधिक कुठल्या ना कुठल्या नात्याने आखाताशी किंवा बोटीवरच्या नोकरीशी जोडलेली होती, याचे मला नवल वाटले नाही. घरातले कोणी तारवटी नाही किंवा कोणी कुवेत-बहारीनला नाही, असे घर आपल्याकडे शोधावेच लागते. जागेअभावी काही पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

अमेरिका आणि नाटोचे सैन्य अफगाणिस्तानात वीस वर्षे होते, तरी १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये जवळजवळ न लढता शिरले. मग या मोहिमेतून साधले काय? (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, साखळी)

मोहिमेचा मूळ हेतू आणि पुढे तिला येऊन चिकटलेले हेतू आधी वेगळे काढावे लागतील. मूळ हेतू मर्यादित होता. ज्या अल कायदाने सुमारे तीन हजार माणसे मारली तिचे तळ उद्ध्वस्त करायचे, तिचे म्होरके पकडायचे किंवा मारायचे, आणि त्यांना थारा देणारी तालिबानची राजवट हटवायची. ७ ऑक्टोबर २००१ रोजी हवाई हल्ले सुरू झाले, १३ नोव्हेंबरला काबूल पडले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंदाहारही गेले. दोन महिन्यांत राजवट कोसळली, तळ मोडले. शुद्ध लष्करी हिशेबाने हे मोठे यश होते.

त्याच डिसेंबरात दोन गोष्टी बिघडल्या आणि पुढची वीस वर्षे त्यांची किंमत मोजण्यात गेली, असे माझे मत आहे. पहिली म्हणजे तोरा बोराच्या डोंगरांतून ओसामा बिन लादेन निसटला. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण ती अधिक गंभीर आहे. अफगाणिस्तानची नवी घडी बसवण्यासाठी जर्मनीतील बॉन येथे जी परिषद भरली, तिला हरलेल्या तालिबानपैकी कोणालाही बोलावले नव्हते. त्यांच्यातील काही नेते शस्त्रे खाली ठेवून गावी परतण्याची बोलणी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई यांच्याशी करत होते, पण अमेरिकी सरकारला तडजोड नको होती. त्या परिषदेचे सूत्रधार, संयुक्त राष्ट्रांचे मुत्सद्दी लखदर ब्राहिमी, यांनीच पुढे ही चूक झाल्याचे मान्य केले. ज्यांना समझोत्यात सामावून घेता आले असते, ती माणसे सीमेपलीकडे पाकिस्तानात गेली, तिथे त्यांना आसरा मिळाला आणि काही वर्षांत ती बंदुका घेऊन परतली.

यानंतर हेतू वाढत गेले. अल कायदाला शोधायला आलेले सैन्य राज्यव्यवस्था उभारू लागले, अफूची शेती रोखू लागले, रस्ते आणि शाळा बांधू लागले, आणि २००३ मध्ये इराकचे युद्ध सुरू होताच माणसे, पैसा व लक्ष तिकडे वळले. २०१०-११ च्या सुमारास एकट्या अमेरिकेचे सुमारे एक लाख सैनिक तिथे होते. अफगाण सैन्य मात्र अमेरिकी सैन्याच्या धर्तीवर उभे केले गेले. जखमी हलवायला हेलिकॉप्टर, लढायला हवाई पाठबळ, आणि ती विमाने उडती ठेवायला परदेशी कंत्राटदारांचे तंत्रज्ञ, अशी त्याची सारी रचना होती. कागदावरची सैन्यसंख्या सुमारे तीन लाख, पण तीत अस्तित्वातच नसलेल्या सैनिकांचा भरणा होता आणि त्यांचे पगार अधिकारी खात होते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी माघारीचा करार केला. काबूलचे सरकार त्या कराराला पक्षच नव्हते आणि तरीही पाच हजार तालिबानी कैदी सोडण्याची अट त्याच्या गळ्यात पडली. परदेशी तंत्रज्ञ निघून गेले तेव्हा विमाने जमिनीवर बसली, आणि आपल्यासाठी कोणी लढणार नाही हे चौकी-चौकीवरच्या शिपायाला कळून चुकले.

त्या ऑगस्टमध्ये तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी झरंज ही होती. इराणच्या सीमेवरच्या या गावापासून देलारामपर्यंतचा २१८ किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधला, तो २००९ मध्ये अफगाणिस्तानच्या स्वाधीन झाला, आणि त्या कामावरच्या आपल्या एका चालकाला २००५ मध्ये तालिबानने पळवून नेऊन ठार मारले होते. ६ ऑगस्ट २०२१ रोजी झरंज जवळजवळ विनासायास गेले. रस्ता आजही तिथे आहे. तो कोणासाठी बांधला होता, एवढेच बदलले.

आता साधले काय ते पाहू. ११ सप्टेंबरसारखा हल्ला अफगाण भूमीवरून पुन्हा आखला गेला नाही. बिन लादेन मे २०११ मध्ये मारला गेला, पण तो अफगाणिस्तानात नव्हे, पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये, आणि लाखभर सैन्याच्या जोरावर नव्हे. वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या गुप्तवार्ता-कामानंतर कमांडोंच्या एका लहान तुकडीने ते काम केले. लाखो मुली शाळेत गेल्या, ही खरी कमाई होती. आज त्याच देशात सहावीपुढे मुलींना वर्ग बंद आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठेही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार २०२१ पर्यंत अफगाणिस्तानात सुमारे ४६ हजार नागरिक आणि ६६ ते ६९ हजार अफगाण सैनिक-पोलीस मारले गेले. अमेरिकेचे सुमारे २,४६० सैनिक कामी आले. अफगाण माणूस लढलाच नाही असे जे सर्रास म्हटले जाते, ते हे आकडे पाहून तरी कोणी म्हणू नये.

इराकमध्ये २००३ साली दहशतवादी नव्हते, ते अमेरिकेच्या आक्रमणामुळे आले, असे वाचनात येते. इसिस (इस्लामिक स्टेट) ही त्या युद्धाचीच निर्मिती मानावी काय? (निवृत्त खाण-अभियंता, डिचोली)

बऱ्याच अंशी होय, पण एक पायरी मध्ये आहे आणि ती वगळू नये. सद्दाम हुसेनची राजवट क्रूर होती. तथापि ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी तिचा संबंध नव्हता, आणि ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने २० मार्च २००३ रोजी युद्ध सुरू झाले ती सापडली नाहीत. तीन आठवड्यांत बगदाद पडले. इथवर सैन्याचे काम होते.

पुढच्या महिन्यात बगदादमध्ये बसलेले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन फर्माने काढली. १६ मे रोजी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्यांतील सर्वांना सरकारी नोकरीतून काढले. नोकरी टिकवण्यासाठी पक्षाचे सभासद झालेले हजारो शाळाशिक्षकही त्यात गेले. २३ मे रोजी इराकी सैन्यच बरखास्त केले. अंदाजे चार लाख माणसे एका सहीने बेकार झाली. त्यांना शस्त्रे चालवता येत होती, दारूगोळ्याची कोठारे कुठे आहेत ते ठाऊक होते, घरी बायकामुले होती आणि पदरी अपमान होता. इराकच्या पुढच्या दुर्दशेला एकच कारण सांगायचे झाले, तर मी बॉम्बवर्षावाआधी या दुसऱ्या फर्मानाचे नाव घेईन.

अबू मुसाब अल-झरकावीने या असंतोषावर आपली संघटना पोसली, ऑक्टोबर २००४ मध्ये ती अल कायदाला जोडली आणि शिया-सुन्नी कत्तलींचा वणवा पेटवला. त्याच वर्षी अबू गरीबच्या तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे बाहेर आली आणि अमेरिकेची उरलीसुरली पत गेली. पुढे इसिसचा खलिफा म्हणवून घेणारा अबू बकर अल-बगदादी २००४ मध्ये अमेरिकनांच्या कॅम्प बुक्का या छावणीत कैदेत होता. सद्दामच्या सैन्यातील अनुभवी अधिकारी आणि धर्मांध तरुण तिथे एकाच कुंपणात आले, आणि इसिसच्या लष्करी रचनेत जुन्या इराकी सैन्यातील कर्नल दर्जाची माणसे होती हे पुढे उघड झाले.

मी म्हटलेली मधली पायरी अशी. २००६ ते २००८ या काळात अनबार प्रांतातील सुन्नी टोळ्याच अल कायदाच्या विरुद्ध उठल्या. अमेरिकनांनी त्यांना पगार आणि पाठबळ दिले, सुमारे एक लाख माणसे या दलांत आली, आणि अल कायदा खरोखर खिळखिळी झाली. स्थानिक माणूस आपला गाव आपण राखतो म्हणाला तेव्हाच ती मोहीम फळली. नंतर बगदादच्या नुरी अल-मलिकी सरकारने या माणसांना सैन्यात व पोलिसांत सामावून घेण्याचे आश्वासन पुरते पाळले नाही, सुन्नी नेत्यांची धरपकड केली, निदर्शकांवर गोळ्या चालवल्या. तेव्हा जून २०१४ मध्ये मोसूल इसिसच्या हाती पडले, त्याचा सगळा दोष २००३ च्या पदरात टाकणे न्याय्य होणार नाही.

इसिसविरुद्धची मोहीम मात्र अनावश्यक होती असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधील सिंजारच्या डोंगरावर अडकलेल्या यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या कुटुंबांना, खाली पुरुषांची कत्तल आणि बायकांचा बाजार चालू असताना, निव्वळ ठरावांनी कोणी वाचवू शकले नसते. पण मोसूल परत घेण्याच्या ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ या नऊ महिन्यांच्या लढाईत १७ मार्च २०१७ रोजी अल-जदीदा मोहल्ल्यातल्या एका घराच्या गच्चीवरील दोन बंदूकधाऱ्यांवर विमानातून बॉम्ब टाकला गेला आणि आत आसऱ्याला आलेली शंभरहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. अमेरिकी सैन्याने चौकशीनंतर ते मान्य केले. जुने मोसूल मुक्त झाले तेव्हा त्याचा मोठा भाग राहण्याजोगा उरला नव्हता.

१९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाच्या कार्यक्रमानंतर एका विद्यार्थ्याने विचारले की भारताने १९६१ मध्ये गोव्यात सैन्य आणले आणि अमेरिकेने इराकमध्ये नेले, यात कायद्याने फरक काय? मला नीट उत्तर देता आले नाही. (माध्यमिक शिक्षिका, फोंडा)

प्रश्न उत्तम आहे, आणि तो झटकून न टाकता त्याला खरे उत्तर द्यायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरण्यास मनाई केली आहे. अपवाद दोनच : सुरक्षा परिषदेची परवानगी, किंवा कलम ५१ प्रमाणे सशस्त्र हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षण. अफगाणिस्तानची मोहीम दुसऱ्या अपवादात बसली, कारण हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला. इराकच्या वेळी हल्ला झालेला नव्हता आणि युद्धाची स्पष्ट परवानगी देणारा ठरावही मिळाला नाही. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सप्टेंबर २००४ मध्ये ते आक्रमण सनदेशी विसंगत आणि बेकायदा असल्याचे म्हटले.

आता गोवा. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व भारताची माघार मागणारा ठराव आला. सात मते बाजूने, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. म्हणजे परिषदेने आपल्याला परवानगी दिली होती, असे विद्यार्थ्यांना सांगू नये. भारताची बाजू वेगळ्या पायावर उभी होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ठराव १५१४ ने वसाहतवाद संपवण्याची हाक दिली होती, ठराव १५४२ ने गोव्याचा समावेश पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांत केला होता, आणि पोर्तुगाल चौदा वर्षे बोलणीच करायला तयार नव्हता. आलेले सैन्य दोन दिवसांत थांबले. त्याच्यामागे येथील लोकांची दशकांची चळवळ होती, सत्याग्रहींचे रक्त सांडलेले होते, आणि १९६३ मध्ये आपण मतदान करून आपले सरकार निवडले. १९७४ मध्ये पोर्तुगालनेही भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. फरक शोधायचा तो इथे.

विद्यार्थ्याने पुढे विचारलेच की पोर्तुगीजांच्या दृष्टीने गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे लोकही दहशतवादीच होते ना, तर तो प्रश्नही दडपू नका. त्या दलाचे मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी, सुटले. पण त्यांच्या चळवळीचे लक्ष्य पोर्तुगीज सत्तेच्या पोलीस चौक्या व तिची यंत्रणा होते. बाजारातला, प्रार्थनेला बसलेला किंवा रेल्वेने जाणारा सामान्य माणूस ठरवून मारणे हे ज्यांचे साधन, ते वेगळे. हा भेद आंतरराष्ट्रीय करारात बसवण्यासाठी भारताने १९९६ मध्ये दहशतवादविरोधी सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला. मुक्तिलढे आणि सरकारी सैन्ये यांना व्याख्येत घ्यायचे की नाही यावर तो आजतागायत अडकला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स परिषद झाली तेव्हा गोव्याचे नाव घेतलेल्या घोषणापत्रातही हा करार लवकर करावा अशी मागणी होती.

ड्रोनमुळे नेमका दहशतवादीच टिपता येतो, असे सांगतात. ते कितपत खरे? (पेडणे)

यंत्र नेमके असते. कोणाला मारायचे हे ठरवणारी माहिती तितकी नेमकी असेलच असे नाही. २९ ऑगस्ट २०२१ चे काबूल घ्या. तीन दिवसांपूर्वी विमानतळावर आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण मारले गेले होते. पुढचा स्फोट होणार या धास्तीत अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोला मोटारीवर सुमारे आठ तास पाळत ठेवली. ती चालवणारा माणूस एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. तो दिवसभर सहकाऱ्यांना ने-आण करत होता आणि त्याने कचेरीतून पाण्याचे कॅन गाडीत भरले, कारण घरी पाणी येत नव्हते. आकाशातून ते स्फोटकांसारखे दिसले. गाडी घराच्या अंगणात शिरली, मुले नेहमीप्रमाणे तिच्याभोवती गोळा झाली आणि त्याच वेळी क्षेपणास्त्र आदळले. दहा ठार, त्यांतली सात मुले.

अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी प्रथम हा हल्ला योग्यच असल्याचे सांगितले आणि १७ सप्टेंबरला, पत्रकारांनी शोध घेतल्यावर, ती घोडचूक असल्याचे कबूल केले. कोणालाही शिक्षा झाली नाही. हे उघडकीस आले, कारण ते काबूल शहरात, जगभरचे पत्रकार हजर असताना घडले. पाकिस्तानातील वझिरीस्तान किंवा येमेनच्या एखाद्या दूरच्या वाडीवर हल्ला झाला की मेलेला प्रत्येक तरुण दहशतवादीच होता असे गृहीत धरले जाते आणि ते तपासायला कोणी जात नाही.

पाकिस्तानात पोलिओ अजून का हटत नाही? आमच्याकडे बूथवर लोक स्वतःहून मुले घेऊन येतात. युद्धाशी याचा संबंध आहे असे ऐकले. (आरोग्य केंद्रातील परिचारिका, केपे)

आहे, आणि तो फार वेदनादायक आहे. पोलिओ न हटण्याची कारणे अनेक आहेत : दुर्गम भाग, स्थलांतर, अफवा, सरकारवरील अविश्वास. पण २०११ मध्ये अबोटाबादच्या त्या घरात बिन लादेनच राहतो का याची खात्री करण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने एका स्थानिक डॉक्टरकरवी कावीळ-बी प्रतिबंधक लसीकरणाचा देखावा उभा केला. घरातल्या मुलांच्या रक्ताचा नमुना मिळवावा, असा हेतू होता. तो फारसा साधला नाही. जुलै २०११ मध्ये हे वर्तमानपत्रांत आले आणि लस टोचायला येणारी बाई हेर असू शकते, हा जो खोटा प्रचार तालिबान वर्षानुवर्षे करत होते, त्याला एकाएकी पुरावा मिळाला.

उत्तर वझिरीस्तानातल्या अतिरेकी म्होरक्याने जून २०१२ मध्ये पोलिओ लसीकरणावरच बंदी घातली. त्याच डिसेंबरात कराची आणि पेशावर परिसरात थोड्याच दिवसांत नऊ लसीकरण कर्मचारी गोळ्या घालून मारले गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या, आपल्या आशाताई-अंगणवाडीताईंसारख्या, अल्प मानधनावर दारोदार फिरणाऱ्या. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. मे २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे लेखी कळवले. पण गेलेला विश्वास पत्राने परत येत नाही, हे आपण आपल्या कामावरून माझ्यापेक्षा चांगले जाणता.

फ्रान्सने मालीमध्ये केलेल्या मोहिमेबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. (वाळपई)

थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये लिबियातील गद्दाफीची राजवट नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या साहाय्याने पडली आणि तिथली शस्त्रे व लढवय्ये वाळवंट ओलांडून मालीत गेले. २०१२ मध्ये उत्तर माली जिहादी गटांच्या हाती गेली. जानेवारी २०१३ मध्ये, मालीच्याच विनंतीवरून, फ्रेंच सैन्य उतरले आणि महिनाभरात टिंबक्टू मुक्त झाले. लोकांनी फ्रेंच झेंडे फडकवून त्यांचे स्वागत केले. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, लोकांचा रोष आणि दोन लष्करी उठाव यांनंतर शेवटचा फ्रेंच सैनिक माली सोडून गेला. पुढे बुर्किना फासो आणि नायजरमधूनही त्यांना निघावे लागले, आणि हिंसाचार या काळात पसरतच गेला.

२००३ मध्ये भारताने इराकला सैन्य पाठवायला हवे होते, तर आज जगात आपले वजन वाढले असते, असे आमच्या कट्ट्यावर काही जण म्हणतात. आपले मत? (कुवेतहून १९९० मध्ये परतलेले वाचक, मडगाव)

मी याच्या पूर्ण विरुद्ध मताचा आहे. एप्रिल २००३ मध्ये संसदेने या युद्धाचा एकमताने निषेध केला होता. त्यानंतर अमेरिकेने डिव्हिजनभर सैन्य मागितले आणि सरकारमध्ये व बाहेर ते पाठवावे म्हणणारे वजनदार लोक होते. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य जाणार नाही, असे ठरवले. पाचच आठवड्यांनी, १९ ऑगस्टला, बगदादमधील संयुक्त राष्ट्रांची कचेरीच ट्रकबॉम्बने उडवली गेली आणि तिचे प्रमुख सर्जिओ व्हिएरा डी मेलो ठार झाले. आपले जवान त्या आगीत ताबा राखणारे परके सैन्य म्हणून उभे राहिले असते.

१९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर अम्मानमार्गे विमानाने परत आलेल्यांपैकी आपण स्वतः, तेव्हा आखातातील युद्धाची झळ भारतीय कामगाराला कशी लागते ते आपल्याला सांगायला नको. जून २०१४ मध्ये मोसूलमध्ये इसिसने पळवलेले ३९ भारतीय कामगार मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले. चार वर्षे त्यांच्या घरची माणसे वाट पाहत होती. इराकच्याच तिक्रीतमधल्या, बहुतेक केरळच्या असलेल्या ४६ भारतीय परिचारिका मात्र जुलै २०१४ मध्ये सुखरूप परतल्या. आपले सैन्य तिथे लढलेले नव्हते, म्हणून वाटाघाटींसाठी दारे उघडी होती, असे मला वाटते.

माझा मुलगा टँकरवर आहे. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यापासून झोप नाही. इतकी मोठी आरमारे असताना ते थांबत का नाहीत, आणि पुढचे काँट्रॅक्ट घेताना त्याने काय पाहावे? (वास्को)

ताई, आधी पहिल्या भागाविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. अमेरिकेने डिसेंबरात संरक्षक आघाडी उभारली, जानेवारी २०२४ पासून अमेरिका-ब्रिटनने येमेनवर हवाई हल्ले केले आणि मार्च ते मे २०२५ मध्ये अमेरिकेने ते पुन्हा जोरात केले. तरी जुलै २०२५ मध्ये हुथींनी दोन जहाजे बुडवली. हुथींनी याआधी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचे हवाई हल्ले २०१५ पासून सात वर्षे सोसले होते आणि त्यांची क्षेपणास्त्रे डोंगरांतल्या भुयारांत होती. स्वस्त ड्रोन पाडायला महागडे क्षेपणास्त्र डागावे लागते, हाही हिशेब आरमारांच्या विरुद्ध जातो. भारत त्या आघाडीत गेला नाही. आपल्या नौदलाने स्वतंत्रपणे युद्धनौका तैनात केल्या. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरला क्षेपणास्त्राने आग लागली तेव्हा त्यावर २२ भारतीय खलाशी होते. आयएनएस विशाखापट्टणमचे अग्निशामक पथक जहाजावर चढले, आणि आग विझली.

आता काँट्रॅक्टविषयी. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा चालू परवाना, म्हणजे आरपीएसएल क्रमांक, आहे का हे आधी तपासावे. तो संकेतस्थळावर पाहता येतो. जहाज आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, कराराखाली आहे का हे लेखी विचारावे. महासंघ आणि जहाजमालक यांनी मिळून युद्धसदृश ठरवलेल्या क्षेत्रात या करारातील जहाजावरचा खलाशी जाण्यास नकार देऊ शकतो आणि त्याला कंपनीच्या खर्चाने घरी परतता येते; तो गेलाच तर मूळ वेतनाइतका जादा भत्ता आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई असते. करार नसलेल्या जहाजावर हे हक्क आपोआप मिळत नाहीत. अशा क्षेत्रांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून सही करण्याच्या आठवड्यात ती पुन्हा पाहावी, आणि काँट्रॅक्टची, विम्याच्या कागदांची व सीडीसीची (खलाशाच्या सरकारी नोंदपुस्तिकेची) एकेक प्रत घरी ठेवून जायला मुलाला सांगावे.